साहेबाच्या पोराचा अर्ज

दोस्तांनो, 2017 साल आठवा. राज्य सरकारची परदेशी शिष्यवृत्ती, वर राजर्षी शाहूंचं नाव, अनुसूचित जातींच्या पोरांसाठी मोजक्या जागा. यादी लागली आणि यादीत कोण? सामाजिक न्याय मंत्र्याची पोरगी. त्याच खात्याच्या सचिवाचा पोरगा. बोंबाबोंब झाली तेव्हा मंत्र्याच्या पोरीनं शिष्यवृत्ती सोडली.

नियम मोडला होता का? मुळीच नाही. जगातल्या पहिल्या शंभर विद्यापीठांत प्रवेश मिळाला तर तेव्हा उत्पन्नाची अटच नव्हती. सगळं कसं कायदेशीर!

आमचा साहेब म्हणतो, पगार वाढला म्हणून जात जात नाही. शंभर टक्के खरं. साहेब भाड्यानं घर बघायला गेला की आडनाव ऐकताच फ्लॅट 'कालच दिलेला' असतो. म्हणून तर राखीव जागा जातीवर. तिथं पगार मोजू द्यायचा नाही, क्रिमी लेयरचं लचांड आपल्या दारात येऊ द्यायचं नाही. पण साहेब, शिष्यवृत्ती म्हणजे प्रवेश नव्हे, पैसा. प्रवेश घ्या, मान वर करून घ्या. फी मात्र तुमच्या खिशातून भरता येते, आणि झोपडपट्टीतल्या पोराच्या बापाला सात जन्मात येत नाही. जागा मोजक्या आहेत. तुमचं नाव चढलं की खालून एक नाव कटतं, त्या पोराचा पासपोर्ट पेटीतच राहतो.

1913 च्या फेब्रुवारीत सुभेदार रामजी गेले. घरात पैसा नव्हता. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. त्या जागेवर कुणा जहागीरदाराचं पोर गेलं असतं तर? विचार करा, च्यायला, अंगावर काटा येतो.

यावर टाळ्या पिटणाऱ्या सवर्णांनी जरा थांबावं. 2013 साली आमच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा ठरली अडीच लाख, म्हणजे महिना एकवीस हजारसुद्धा नाही. 2019 साली तुमच्या आर्थिक दुर्बलांची ठरली आठ लाख, महिना सहासष्ट हजार! तुमचा सहासष्ट हजारवाला गरीब, आणि आमचा कंत्राटी सफाई कामगार, नवराबायको दोघं राबली की श्रीमंत? आधी ही मर्यादा वाढवा, मग आमच्या साहेबाकडं बोट दाखवा. त्याचं आम्ही बघून घेऊ, तो आमच्या घरातला भांडणतंटा आहे.

आणि कुणी म्हणेल, मग अडीच लाखाच्या वरच्यांनी काहीच मागू नये का? मागावं की. फ्रीशिप आहे, तिथं जागा मोजक्या नाहीत, कुणाचं नाव कटत नाही. कॉलेजवाला आधी फी भरा म्हणून अडवतो तिथं भांडून घ्या. शिक्षक, कारकून, पोलीस, एकाच पगारावर आठ माणसं पोसणारे, तुमच्याशी आमचं काही वाकडं नाही.

आमचं वाकडं बंगल्याशी आहे. पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयात पुढची यादी लागेल, तेव्हा वस्तीतले किती आणि बंगल्यातले किती, हे विचारायला आम्ही दारात उभे असू. साहेब, त्या दिवशी आपणही या. पोराला घेऊन या.