म्हातारचळ कोणाला लागला आहे?

मराठी भाषेने वृद्धांच्या पदरात टाकलेल्या शब्दांत ‘म्हातारचळ’ इतका हलका शब्द दुसरा नसेल. साठीच्या नवऱ्याने बायकोसाठी गजरा आणला की म्हातारचळ. पंचावन्नाव्या वर्षी बाई ठेवणीतले लुगडे नेसून आरशापुढे दोन क्षण अधिक थांबली की म्हातारचळ. ज्याच्याशी अग्नीच्या साक्षीने लग्न लागले त्याच माणसाविषयी ओढ वाटणे हा चळ कसा, याचा खुलासा आजवर कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. जाब कोशकारांना विचारून उपयोग नाही. तो आपल्या घरांना विचारावयास हवा.

आमच्या बऱ्हाणपुरात, जुन्या कोटाच्या आत, घरे अरुंद आणि माणसे पुष्कळ. कित्येक घरांत तर माणसांच्या आधी यंत्रमागाला जागा द्यावी लागते. मुलाचे लग्न ठरते आणि आतली खोली नव्या जोडप्यास मिळते. ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवशी आईचे अंथरूण धाकट्या मुलींशेजारी आणि वडिलांची खाट ओट्यावर जाते, आणि याविषयी घरात कोणी अवाक्षर काढीत नाही. तीस वर्षांचा सहवास खाट हलवण्याच्या निमित्ताने एका दुपारी संपतो. पलीकडे रावेर-सावद्यास किंवा दूर पणजीस याहून निराळे घडते असे कोणी समजू नये. पुढे मुलगे दोन गावी स्थायिक झाले की आईबापांची वाटणी होते. नातवंडे सांभाळावयास आई एकीकडे, औषधपाण्याच्या सोयीसाठी वडील दुसरीकडे! शेत वाटताना निदान मोजणीदार तरी बोलावतात.

यास धर्माचा आधार देणारे वानप्रस्थाचे नाव घेतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वनात जाणाऱ्या गृहस्थापुढे दोन वाटा ठेवलेल्या आहेत. पत्नीला मुलांच्या हवाली करावे, किंवा तिला बरोबर घेऊन जावे. आम्हांस मनूची वकिली करावयाची नाही. पण दुसरी वाट आपल्या समाजाने सोयीस्करपणे गाळली, एवढे दाखविणे भाग आहे.

आमच्या गावाला भेट देणाऱ्या प्रत्येकास येथील प्रेमकथा ऐकविली जाते. मुमताजमहल १६३१ साली येथेच, चौदाव्या बाळंतपणात, अडतिसाव्या वर्षी निवर्तली. ताप्तीपलीकडे जैनाबादेत तिला प्रथम पुरले आणि काही महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेला. वाटाडे हे सांगताना गहिवरतात. चौदा बाळंतपणांचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही, आणि साठीतली मुमताज कशी असती, तिने बादशहाशी काय बोलणे केले असते, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. स्त्री तरुणपणी मेली तरच तिच्या प्रेमाला संगमरवर मिळावा, अशी आपली रसिकता आहे.

खरे पाहता या प्रश्नाचे मूळ रघुनाथ धोंडो कर्व्यांनी केव्हाच उघडे केले होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. कामसुख आणि संतती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कर्व्यांचे मुख्य म्हणणे. त्यातील संततिनियमन आपण स्वीकारले. १९५२ पासून तर ते सरकारी धोरणच झाले. पण दुसरी बाजू आपण आजही नाकारतो. शरीरसंबंध केवळ संततीसाठी नसेल, तर रजोनिवृत्तीबरोबर तो संपला पाहिजे हे कोठून आले? कर्व्यांची साधने घ्यावयाची आणि विचार उंबऱ्याबाहेर ठेवावयाचा, हा व्यवहार आम्हांस प्रामाणिक वाटत नाही.

हा अंधपणा आपलाच आहे असे नाही. पोर्तुगालची न्यायालये गोमंतकीय वाचकांस परकी नाहीत. तेथे एका बाईवर १९९५ साली, वयाच्या पन्नाशीत, शस्त्रक्रिया झाली आणि त्यात तिची एक मज्जा दुखावली. शरीरसंबंध तिला अवघड झाला. खालच्या न्यायालयाने दिलेली ८०,००० युरोंची भरपाई सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१४ साली ५०,००० वर आणली. एक कारण असे, की बाई पन्नाशीची व दोन मुलांची आई, आणि त्या वयात कामजीवनास तरुणपणाइतके महत्त्व राहत नाही! तेथील न्यायालयांनी पंचावन्न आणि एकोणसाठ वर्षांच्या पुरुषांच्या दाव्यांत मात्र हीच हानी फार मोठा आघात मानली होती. २०१७ साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने हा भेदभाव ठरविला. आमच्या आळीतली कुजबुज आणि त्या न्यायमूर्तींचा निकाल यांत भाषेपलीकडे फरक दिसत नाही.

येथे एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पुष्कळ बायका सांगतील, “खाट ओट्यावर गेली, सुटले एकदाची.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्यांना तीस वर्षांत कोणी इच्छा विचारली नाही, त्यांना अंतर हीच विश्रांती वाटणार, आणि ती त्यांच्याकडून कोणी हिरावू नये. पण हा दोष त्या आधीच्या तीस वर्षांचा आहे. शिवाय जवळीक म्हणजे केवळ संभोग नव्हे. रात्री जाग आल्यावर शेजारी ओळखीचा श्वास ऐकू यावा, दुखऱ्या गुडघ्यावर हात फिरावा, एवढ्यानेही कित्येकांचे भागते.

डॉक्टरमंडळीही या विषयास बगल देतात. मधुमेहाने आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी पुरुषाची शक्ती मंदावते. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणाने स्त्रीस वेदना होतात. दोहोंवर उपचार आहेत. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ ते ७४ वर्षांच्या निम्म्याहून अधिक लोकांचे कामजीवन चालू असल्याचे आढळले. परंतु पन्नाशीनंतर डॉक्टरांपाशी हा विषय बोललेल्या स्त्रिया शेकडा २२ आणि पुरुष शेकडा ३८ एवढेच होते. जेथे बोलणे सोपे समजतो तेथे ही गत. आपल्याकडे सून बरोबर असताना सासू डॉक्टरांस काय सांगणार?

मुलगे मोठ्या हौसेने आईबापांची साठीशांत करतात. दोघांना एका पाटाशेजारी दुसऱ्या पाटावर बसवितात, हार घालावयास लावतात, छायाचित्र काढतात, आणि रात्री पाहुणे पांगल्यावर वडिलांची गादी पुन्हा ओट्यावर घालतात. त्या जेवणावळीतली एक पंगत कमी करून पडवीला भिंत घालावी, दार बसवावे, आणि दाराला कडी आतून असावी.