आधी मतदारयादी उघडा!

निवडणुकीचा निकाल लागला की नागपुरातल्या पुरोगाम्यांचा एक विधी ठरलेला असतो. आठवडाभरात बर्डीवरच्या कुठल्यातरी सभागृहात 'चिंतन' भरते. फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरींना हार पडतात, प्रास्ताविक पाऊण तास चालते, मग एक वक्ता मशीनवर घसरतो, दुसरा पैशावर आणि तिसरा थेट जनतेवर. लोक विकले गेले म्हणे! पाचशेच्या नोटेला, साडीला, मटणाच्या जेवणाला विकले गेले! अहो, ज्यांच्या दारात पाच वर्षांत तुम्ही एकदाही चप्पल काढली नाही, त्यांना विकाऊ ठरवण्याचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? आमचा साधा सवाल आहे. त्या सभागृहातल्या किती जणांना आपल्या यादीभागाचा क्रमांक ठाऊक आहे? आपला बीएलओ, म्हणजे यादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी, कोण, शेजारच्या गल्लीतली अंगणवाडीताई की मनपा शाळेतले गुरुजी, एवढे तरी किती जणांनी विचारले आहे?

न्यूयॉर्कात जोहरान ममदानी नोव्हेंबर २०२५ मध्ये महापौरपदाची निवडणूक जिंकला, तेव्हा धरमपेठेपासून इंदोऱ्यापर्यंत साऱ्यांच्या मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरत होते. घराघरांची दारे ठोठावणाऱ्या हजारो स्वयंसेवकांनी तिथे जुन्या मातब्बराला लोळवले, याचे आमच्या मित्रांना कोण कौतुक! कौतुक करा, जरूर करा. पण हडसन नदीकाठच्या जिन्यांचे गोडवे गाणाऱ्याला पाचपावलीतल्या चार मजल्यांच्या इमारतीचा जिना चढवत नाही, याला काय म्हणावे?

विरोधकांना शिव्या देऊन आम्हाला हा अग्रलेख भरायचा नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ च्या विजयादशमीला याच शहरात सुरू झाला. त्याच्या विचाराशी आमचे भांडण आहे आणि ते राहणारच. पण शंभर वर्षे भल्या पहाटे मैदानावर माणसे जमवणाऱ्याला आळशी कोण म्हणेल? भाजपचा पन्ना प्रमुख म्हणजे तरी काय? मतदारयादीच्या एका पानामागे एक जबाबदार माणूस. त्या पानावरचा कोण वारला, कोण पुण्याला नोकरीला गेला, कोणती सून नव्याने नांदायला आली, हे त्याला ठाऊक असते. यात कुठला कट नाही, घाम आहे. २०१७ मध्ये महापालिकेच्या १५१ पैकी १०८ जागा भाजपला मिळाल्या, त्या आकाशातून पडल्या नव्हत्या.

आणि हे काम आपल्याला जमत नाही, ते आपल्या रक्तात नाही, असे म्हणणाऱ्याने कामठीपर्यंत जाऊन यावे. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी विडी कामगारांची संघटना बांधली, रात्रशाळा चालवल्या आणि घराघरांत जागृती केली. आज देशभर दुमदुमणारे 'जय भीम' हे अभिवादन त्यांनीच रुजवले. १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत हरदास नागपूर-कामठी मतदारसंघातून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले. त्या वेळी मताचा हक्क सरसकट नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींतून फार तर दहातली एक-दोन माणसे मतदार होत. म्हणजे ज्यांच्यासाठी लढायचे, त्यांतल्या बहुसंख्यांच्या हाती मतच नव्हते! तरीही विडी वळणाऱ्यांचा माणूस कायदेमंडळात जाऊन बसला. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा वय अवघे पस्तीस. कन्हानच्या काठी त्यांच्या समाधीवर दरसाल फुले वाहणाऱ्या पुढाऱ्यांनी एक वर्ष फुले नाही आणली तरी चालेल. त्याऐवजी कामठीतल्या एका तरी वस्तीची मतदारयादी घरोघर तपासून आणावी.

हरदासांच्या आधी किसन फागोजी बनसोडे दलित जागृतीसाठी याच भूमीत राबले. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. त्याच मांडवात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली आणि हजारो बायका स्वतःच्या पायांनी चालत तिथे आल्या. इतक्या मोठ्या वारशाचे आम्ही काय केले? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी याच नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि दोन-तीन वर्षांत त्याचे 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे तुकडे झाले. पुढे तुकड्यांचेही तुकडे पडले. आज प्रत्येक तुकड्याला अध्यक्ष आहे, लेटरहेड आहे, गाडीच्या काचेवर लावायला झेंडी आहे. बूथवर बसायला माणूस मात्र नाही!

याच गोतावळ्याला भंडाऱ्याच्या १९५४ च्या पोटनिवडणुकीची आठवण करून द्यावीशी वाटते. मतदारसंघ दुहेरी होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि मतदाराला दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची दोन मते होती. आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवले, म्हणजे कुणालाच दिले नाही, तर बाबासाहेबांचे पारडे जड होईल, असे कार्यकर्त्यांचे गणित होते. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले, असे त्या पिढीचे लोक सांगत. मित्रपक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राज्यघटनेचा शिल्पकार राखीव जागेवर पडला. ही हार त्यांच्या शब्दाची किंमत होती. आणि आजचे आमचे पुढारी? आघाडीच्या मंचावर एकमेकांचे हात उंचावतात आणि रात्री मित्रपक्षाच्या उमेदवाराला कसे पाडायचे याचे निरोप धाडतात. बाबासाहेबांनी मत कुजवू दिले नाही. यांनी चळवळ कुजवली.

दुसरी परंपरा गिरणीची. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिच्या भोंग्यावर अर्धे नागपूर उठू लागले. फाटकावर पाळी सुटली की कामगार एकगठ्ठा भेटत, द्वारसभा व्हायची, वर्गणी गोळा व्हायची, पत्रक हातोहात जायचे. त्याच कामगार चळवळीतून पुढे आलेले अर्धेंदू भूषण बर्धन १९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले. पुढे लोकसभेला ते पडले, हेही सांगितले पाहिजे. पण एका फाटकावर रुजलेली संघटना काय करू शकते ते त्यांनी दाखवले होते. २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद पडली. आज तिथे मॉल आहे. फाटक गेले आणि फाटकाबरोबर द्वारसभाही गेली. आजचा कष्टकरी हिंगण्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली राबतो, पाठीवर डबे लादून दुचाकीवर धावतो, गोळीबार चौकातला हलबा विणकर माग विकून पानठेला टाकतो. ही माणसे एका जागी सापडत नाहीत. सापडतात ती फक्त राहत्या वस्तीत, रात्री आठनंतर. नेमक्या त्याच वेळी आमचे विचारवंत परिसंवादात असतात!

मार्च २०२२ मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका घ्या, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ चा आदेश काढावा लागला. तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला नगरसेवक नव्हता. गटार तुंबले, नळाला गढूळ पाणी आले, मालमत्ता कराचे बिल वाढून आले, तर जायचे कुणाकडे? पुरोगामी कार्यकर्त्याला एवढी मोठी संधी पुन्हा मिळणार नव्हती. वॉर्डावॉर्डात टेबल टाकून बसायचे, अर्ज लिहून द्यायचे, झोन कार्यालयात लोकांबरोबर जायचे, एवढेच करायचे होते. काही मोजक्या वस्त्यांत मोजक्या लोकांनी ते केले, त्यांना आमचा सलाम. बाकीचे संविधान चौकात दर आठवड्याला निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले, फोटो काढले आणि घरी गेले.

आता जरा हिशेब मांडू. २०१९ च्या विधानसभेत मध्य नागपूर आणि दक्षिण नागपूर या दोन्ही जागा काँग्रेसने जेमतेम चार-चार हजार मतांनी गमावल्या. एका मतदारसंघात तीनशेच्या आसपास केंद्रे धरली, तर केंद्रामागे तेरा-चौदा मते झाली. तेरा-चौदा! एका मोठ्या कुटुंबाची मते! प्रत्येक केंद्राच्या हद्दीत नाव न नोंदवलेली, पत्ता बदललेली, यादीतून गळालेली किती माणसे असतात याचा अंदाज घ्यायला पीएच.डी. लागत नाही. नव्या नावासाठी सहा नंबरचा फॉर्म, पत्ता बदलायला किंवा चूक सुधारायला आठ नंबरचा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्याला नाव नोंदवता येते. मग कॉलेजच्या फाटकावर फॉर्म घेऊन कोण उभे असते? तुमचे उभे नसतील तर दुसऱ्याचे असतात.

आणि काम केले की फळ मिळते, याचा दाखला फार लांबचा नाही. पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला कोरी पाटी असते. जुनी नावे चालत नाहीत, प्रत्येक पदवीधराला अठरा नंबरचा फॉर्म नव्याने भरावा लागतो, सोबत पदवीचा पुरावा जोडावा लागतो. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांचा हा मतदारसंघ कित्येक दशके भाजपचा गड होता. एकट्या नितीन गडकरींनी १९८९ पासून पंचवीस वर्षे तो राखला. डिसेंबर २०२० मध्ये तोच गड पडला. काँग्रेसचे अभिजित वंजारी अठरा हजारांवर मतांनी निवडून आले. हवा, लाट, नाराजी असे काहीबाही सांगितले गेले. असेल. पण ज्याचे नाव यादीतच नाही, त्याची नाराजी पेटीत पडत नाही. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये शिक्षक मतदारसंघ. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले यांनी भाजप पुरस्कृत विद्यमान आमदार ना. गो. गाणार यांना हरवले. प्रश्न होता जुन्या पेन्शनचा, आणि तो शाळाशाळांच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षे मांडला गेला होता. हे दोन्ही मतदारसंघ शिकलेल्यांचे, पगारदारांचे. तिथले यश जसेच्या तसे झोपडपट्टीत उचलून नेता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण बालेकिल्ला वगैरे काही नसते, तो यादीने बांधलेला असतो आणि यादीनेच पाडता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

मतदानाच्या दिवसाचे तर विचारूच नका. सातला मतदान सुरू होणार असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान असते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मते टाकून, मोजून, पुसून, मग मशीन सील होते. संध्याकाळी केंद्राध्यक्षाने सतरा-सी फॉर्मची प्रत प्रतिनिधीच्या हातात द्यायची असते. एकूण किती मते पडली ते त्यावर असते आणि मोजणीच्या दिवशी तो आकडा ताडून पाहता येतो. मशीनच्या नावाने वर्षभर शंख करणाऱ्या आमच्या मित्रांपैकी किती जण पहाटे साडेपाचला केंद्रावर हजर असतात? किती जण रात्री सतरा-सी घेऊनच बाहेर पडतात? शंका घेणे हा तुमचा हक्क आहे. पण खुर्ची रिकामी ठेवून घेतलेली शंका कुठल्या न्यायालयात टिकेल?

आता उमेदवारांविषयी. मोर्चात पुढे कोण? बायका. चिठ्ठ्या वाटत उन्हात फिरते कोण? आशाताई, मोलकरणी, बचतगटाच्या बाया. डॉ. रूपा कुळकर्णी-बोधी यांनी याच शहरात मोलकरणींची संघटना उभी केली, घरकामगारांच्या हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडल्या आणि २००८ मध्ये राज्याला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा करावा लागला. लढू शकणाऱ्या बाया या शहरात आहेत, याचा याहून मोठा पुरावा कोणता? मग तिकिटाच्या एबी फॉर्मच्या रात्री बंद खोलीत ही नावे का नसतात? तिथे असते भाऊंची पत्नी, दादांची सून, नाहीतर कालपर्यंत पलीकडे असलेला आणि आज सकाळी गळ्यात निळे-तिरंगी उपरणे घातलेला बिल्डर! 'निवडून येण्याची क्षमता' या गोंडस नावाखाली तिकिटाचा लिलाव करायचा आणि कार्यकर्त्याला सतरंज्या उचलायला लावायचे, ही पुरोगामित्वाची व्याख्या कुणी केली?

पैसा नाही, हे रडगाणे आम्ही ऐकले आहे. विधानसभेला खर्चाची कायदेशीर मर्यादा चाळीस लाख आहे आणि प्रत्यक्षात काय उडते ते सर्वांना दिसते. कांशीराम यांनी 'एक व्होट, एक नोट' मागितली होती. चार हजार घरांतून वर्षाला शंभर-शंभर रुपये आले तरी चार लाख होतात. मर्यादेच्या एक दशांश! तोकडेच आहेत. पण शंभर रुपये दिलेला माणूस पाचशेच्या पाकिटाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, आणि त्याच्या पैशावर उभा राहिलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी पक्ष फोडून गुवाहाटीचे विमान पकडायला बिचकतो. वर्गणीची पावती फाडायला लाज वाटणाऱ्यांनी निधी नाही म्हणून गळे काढू नयेत.

पदवीधर मतदारसंघाची सहा वर्षांची मुदत २०२६ च्या अखेरीस संपते आहे. यादी पुन्हा कोरी, फॉर्म पुन्हा अठरा नंबरचा. इंदोरा, टेका नाका, मोमिनपुरा, यशोधरानगर या वस्त्यांत घरातली पहिली पदवी मिळवलेली हजारो मुले-मुली आहेत. पदवीला तीन वर्षे झाली की त्यांचा हक्क उभा राहतो, आणि त्यातल्या बहुतेकांना असा मतदारसंघ असतो हेच कुणी सांगितलेले नाही. जे पक्ष, ज्या संघटना, जी मंडळे स्वतःला पुरोगामी म्हणवतात, त्यांनी पुढच्या चिंतन बैठकीची पत्रिका आमच्याकडे पाठवू नये. कोणत्या वस्तीतल्या किती पदवीधरांचे फॉर्म कुणी भरून घेतले, ती यादी पाठवावी. आम्ही ती पहिल्या पानावर छापू.