‘घरी इंग्रजीत बोला’ म्हणजे घरी गप्प बसा

माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. जूनअखेरीस ती नागपुरातल्या एका प्लेस्कूलमध्ये जायला लागली. दुसऱ्याच आठवड्यात पालकांच्या बैठकीत ताईला सांगण्यात आलं, ‘घरी पण इंग्रजीतच बोलत जा.’ ताईने मला विचारलं. मी म्हणालो, बरोबरच आहे त्यांचं.

हे मी म्हणालो कारण मराठी शाळेतून इंजिनिअरिंगला गेलो होतो आणि पहिल्या कॅम्पस इंटरव्ह्यूत माझं त त प प झालं होतं. ती लाज अजून गेलेली नाही. भाचीच्या वाट्याला ती येऊ नये, एवढाच हिशोब होता. तो चुकीचा होता.

ताई आणि भाऊजी दोघंही नोकरीला, त्यामुळे पोरगी दुपारी माझ्या आईजवळ असते. नियमाआधीची एक दुपार मला आठवते. माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, आई मेथी निवडत होती.

“थे पाय, खार आली.”

“काऊन आली?”

“तूच सांग, काऊन आली असंन?”

“तिच्या पिल्लाले भूक लागली.”

“पण पेरू तं कच्चा हाय. पिल्लू खाईन का?”

पोरगी विचारात पडली. मग म्हणाली, तिखट-मीठ लावून देऊ. पुढे पंधरा मिनिटं दोघींचा वाद चालला : पिल्लाला तिखट लागेल का, लागलं तर पाणी कोण देईल, खारीच्या घरात माठ असतो का. मेथीच्या काड्या मोजून माठही झाला.

नियम लागू झाल्यावर आईजवळ उरलं काय? ‘सिट’, ‘ईट’, ‘नो’, ‘गुड गर्ल’. खार तेव्हाही यायची, पण खारीला इंग्रजीत काय म्हणतात हे आईला माहीत नव्हतं, म्हणून ती बोटही दाखवेना. आणि ताई? तिचं इंग्रजी ऑफिसच्या मेलपुरतं उत्तम आहे. पण पोरीशी भांडायला, थापा मारायला, चिडवायला ती भाषा तिच्या जिभेवर नाही. माझ्याही नाही. परक्या भाषेत आपण मुलांशी बोलत नाही, फक्त हुकूम सोडतो. उरलेल्या शांततेत टॅबलेट आला. तो मीच आणून दिला होता.

आता माझ्या धंद्याबद्दल. स्क्रीनवर बोट लागलं की ‘व्हेरी गुड!’ म्हणणं हे दोन ओळींचं काम आहे. त्या ‘व्हेरी गुड’ला पोरगी काय म्हणाली ते ऐकू येत नाही. खारीच्या घरात माठ असतो का, असं तो विचारणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी तर उत्तमच. आमच्याकडे तो तास जेवणातच संपतो.

2018 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. चार ते सहा वर्षांची 36 मुलं, घरातलं बोलणं टिपणारी यंत्रं, आणि मग मेंदूचं स्कॅनिंग. मोठी माणसं किती शब्द बोलली, यापेक्षा मूल आणि मोठ्यांमध्ये किती वेळा टोलवाटोलवी झाली, याचा संबंध मेंदूच्या भाषेच्या भागाशी जास्त दिसला. आईबापांची कमाई आणि शिक्षण बाजूला काढूनही तो टिकला. 36 ही संख्या लहान आहे, मान्य. पण आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “याच्यासाठी मशीन कायले लागते?”

ज्यांना मशीन लागली नव्हती अशी माणसं आपल्याकडे होऊन गेलीत. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, दगड घेतले. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. आणि आपण? त्याच मॉन्टेसरीच्या नावाचा लाकडी खोका हजारो रुपयांना ऑनलाइन मागवतो, त्याचं अनबॉक्सिंग करतो आणि पोराला म्हणतो, ‘जा, खेळ.’ 2020 चं शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हणतंय. प्लेस्कूलच्या माहितीपत्रकावर त्याच धोरणाचं नाव छापलेलं असतं, हा विनोद वेगळाच.

इंग्रजी लागतंच. मिहानमधला माझा पगार त्यावर चालतो. पण इंटरव्ह्यूत मी अडखळलो ते घरी मराठी बोलल्यामुळे नाही. वर्गात आम्हाला कधी कोणी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलंच नव्हतं, कुठल्याच भाषेत. हे कळायला मला सात वर्षं लागली. आणि शिफ्ट करून आलेल्या आईबापांना गोष्टी सांगायचं त्राण उरत नाही, हेही मी घरात बघतो. त्यांना माझा सल्ला नाही. माझा राग त्या थकलेल्या माणसांना ‘तुमची भाषा मुलाला घातक आहे’ असं फी घेऊन सांगणाऱ्यांवर आहे. जी आजी फुकट, रोज, तासन्‌तास हजर आहे, तिलाच ते मुकी करतात.

आमच्याकडे नियम मोडला तो तान्ह्या पोळ्याला. लाकडी बैलाचं एक चाक निघालं होतं. सोसायटीत सजावटीची स्पर्धा होती, म्हणजे आईबापांनी रात्री जागून थर्मोकोल कापायची स्पर्धा. आमचा बैल तीन चाकांवर गेला आणि अर्थातच हरला. चौथ्या जागी पोरीने आणि आईने बाटलीचं झाकण बसवलं होतं. ते गरगर फिरायचं, पण जमिनीला टेकत नव्हतं. का टेकत नाही, यावर दोघींची सकाळ गेली.

घरोघर फिरून संध्याकाळी ती बोजारा मोजत बसली. दहाच्या नोटा एकीकडे, चॉकलेटं एकीकडे. एकदम थांबली.

“लोकं बैलाले पैसे काऊन देते? थो तं पेट्रोल पित नाही.”

आई स्वयंपाकघरात होती. मी ताईकडे बघितलं. तिने मोबाइल पालथा ठेवला.

“मंग काय पिते थो?”