तुरुंगाचा धाक आणि भांडवल

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, चोरवाटेने भांडवल बाहेर नेणाऱ्या उद्योगपतीस सात वर्षांपर्यंत कारावास ठरविला. तरी भांडवल गेलेच. निर्यातीचे मोल कमी आणि आयातीचे जास्त दाखविणाऱ्या बीजकांतून गेले. २००० साली ‘फेमा’ लागू होऊन कारावासाची जागा मुख्यतः दंडाने घेतली.

कैदेचा धाक कागदावरच राहतो, हा अनुभव जव्हार-मोखाड्यास नवा नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यातही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण वीटभट्टीवाल्याची उचल घेऊन घाट उतरणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा हिशेब तपासतो कोण? बीजक असो वा उचलीची वही, ती उघडून पाहण्यापेक्षा नवे कलम घालणे सरकारला सोपे वाटते. २०१८ चा फरारी आर्थिक गुन्हेगार कायदा तर आरोपीने देश सोडल्यावरच लागू होतो.