कासवाला हवी जमीन

कासव तक्रार करत नाही. कुत्रं भुंकतं, मांजर पंजा मारतं, पोपट कलकलाट करून घर डोक्यावर घेतो. कासव मात्र अपुऱ्या जागेत, अपुऱ्या उजेडात वर्षानुवर्षं जगत राहतं, आणि पाळणाऱ्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय. म्हणून त्याच्या घराचा निर्णय त्याच्या तोंडाकडे बघून घ्यायचा नसतो, त्याच्या पायांकडे बघून घ्यायचा असतो.

हे आठवायचं कारण म्हणजे इथली, इंग्लंडमधली, एक मराठी मैत्रीण. तिच्या मुलाला शेजारच्या आजींचं हॉर्सफील्ड जातीचं कासव मिळणार आहे. वयामुळे आजींना आता त्याचं करणं झेपत नाही. मैत्रिणीने विचारलं, “दोन फुटी काचेची पेटी स्वस्तात मिळतेय. घेऊ ना? केवढंसं तर आहे ते!”

महाराष्ट्रातल्या वाचकांना पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपल्याकडचं तारा कासव घरात पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने हे कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आलं. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंधन आलं. तरी चोरटा व्यापार थांबलेला नाही. घरात कासव आलं की भरभराट होते, ही समजूत त्या व्यापाराला पोसते आणि कासवाच्या जिवावर उठते. त्यामुळे पुढचं सगळं, जिथे कासव पाळणं कायदेशीर आहे तिथल्यांसाठी.

हॉर्सफील्ड कासव मूळचं कझाकस्तान, उझबेकिस्तानकडच्या माळरानांवरचं. पूर्ण वाढलं तरी लांबी साधारण वीस सेंटिमीटर. पण हा प्राणी दिवसभर हिंडणारा, चढणारा आणि जमीन उकरून खोल बीळ करणारा आहे. त्याची चिवटाई अचाट. १९६८ च्या सप्टेंबरात सोव्हिएत संघाच्या ‘झोंड ५’ यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून आली. यान हिंदी महासागरात उतरलं, तिथून जहाजाने आपल्या मुंबई बंदरात आणलं गेलं आणि मग विमानाने सोव्हिएत संघात परत गेलं. वजन घटलं होतं, पण कासवं जिवंत होती. एवढ्याशा कुपीत तगून राहणाऱ्या प्राण्याला दोन फुटी पेटीत मरण येणार नाही, हे खरंच. पण तगणं आणि नांदणं यांत फार अंतर आहे.

काचेच्या पेटीची आणखी एक अडचण असते. पारदर्शक भिंत ही भिंत आहे हे कासवाला उमगत नाही. पलीकडची खोली दिसत राहते, आणि ते काचेला नाक लावून तासन् तास पाय मारत बसतं. लाकडाची अपारदर्शक, वरून उघडी, टेबलासारखी पसरट पेटी त्याला मानवते. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद हे अगदी कमीत कमी माप समजा. मोठ्या कासवाला तेही तोकडंच.

खिशाचा विचार करताना मी मैत्रिणीला एकच उपाय सुचवला: पुस्तकांचं जुनं कपाट. स्वीडिश ‘बिली’ कपाट इथे घराघरांत असतं, आणि लोक घर बदलताना ते फुकट किंवा नाममात्र किमतीला देऊन टाकतात. उंची २०२ सेंटिमीटर, रुंदी ८०, खोली २८. पाठीवर आडवं केलं की दीड चौरस मीटरहून जास्त जमीन मिळते. चार फुटी काचेच्या पेटीत त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो. सुट्या फळ्या काढायच्या. मधली पक्की फळी कपाटाला धरून ठेवते, म्हणून ती तशीच ठेवून तिच्यात कासव आरामात जाईल अशी रुंद खाच कापायची. आतून तळ्याला अंथरतात तसलं जाड रबरी कापड लावायचं, कारण भुशाचं लाकूड ओलीने फुगतं. मग बिनखताची माती आणि धुतलेली वाळू मिसळून निदान पंधरा सेंटिमीटरचा थर द्यायचा. एवढ्या थरावर उरते ती भिंत फारच बुटकी, म्हणून निघालेल्या फळ्या कडेने उभ्या ठोकायच्या आणि कमी पडेल तिथे दुसरं लाकूड जोडायचं. कासव चढतं ते बहुतेक वेळा कोपऱ्यातून, तेव्हा चारही कोपऱ्यांवर त्रिकोणी झाकण हवंच. मातीचं वजन अडीचशे किलोच्या पुढे जाईल. पाठीमागचा पातळ पुठ्ठा ते पेलत नाही, त्यामुळे हे घर टेबलावर नाही, जमिनीवरच ठेवायचं.

इतकी काटकसर साधली की वाचलेले पैसे दिव्यांवर लावा, आणि तिथे हात आखडू नका. खिडकीतल्या उन्हाने भागत नाही. साध्या काचेतून ‘बी’ प्रकारचे अतिनील किरण आत येत नाहीत, आणि त्यांच्यावाचून कासवाच्या अंगात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं ठिसूळ होतात, कवच मऊ आणि वेडंवाकडं होतं. त्यासाठी अतिनील किरणांची खास नळी घ्यायची आणि कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायची. ती डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिचे किरण आधीच मंदावलेले असतात. जुनी वापरलेली नळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ही नळी आणि ऊब देणारा दिवा घराच्या एकाच टोकाला लावायचे. दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, तर दुसऱ्या टोकाला विशीच्या आसपास. हा फरक राखायला लांबी लागते, आणि छोट्या पेटीत तो राखताच येत नाही. १०० वॉटचा दिवा बारा तास चालला तर रोज सव्वा युनिटच्या आत वीज जाते. महिन्याच्या खर्चात ती आधीच धरावी.

बाकी सामान किरकोळ आहे. पाण्याला मातीची उथळ थाळी, लपायला उलटी घातलेली अर्धी कुंडी, खायला अंगणातली डँडेलियनची पानं. पाटीचा एक सपाट दगड दिव्याखाली ठेवला की तो तापतो आणि चालता चालता नखंही झिजतात.

मैत्रिणीने काचेची पेटी घेतली नाही. कपाट शोधायच्या आधी तिने दिवाणखान्यातली जागा मोजली, आणि सोफा एका बाजूला सरकवला तर ते मावतं, असं तिच्या लक्षात आलं. आजींशी बोलून तिने कासव महिनाभर उशिरा आणायचं ठरवलंय. तोवर माती भरून, दिवे लावून, दोन्ही टोकांचं तापमान मुलाने रोज वहीत लिहायचं आहे.