सहा हजार कोटींची काटापट्टी दाखवा!



कापसाची गाडी जिनिंगच्या काट्यावर चढली की आपण काय करतो? भरल्या गाडीचे वजन बघतो, रिकाम्या गाडीचे बघतो आणि काटापट्टी हातात घेतल्याशिवाय तिथून हलत नाही. क्विंटलमागे दोन किलो जास्त कापले तर तिथेच भांडतो. ज्वारीच्या पोत्याला हमाली किती, तोलाई किती, हे अडत्याच्या पट्टीवर बोट ठेवून विचारतो. त्यात कुणाला लाज वाटत नाही. माल आपला, घाम आपला, म्हणून हिशेब विचारण्याचा हक्कही आपला.

मग सरकार आपल्याच पैशाने धरण बांधते, रस्ता करते, पाझर तलाव खोदते, तेव्हा हे बोट कुठे जाते? तेव्हा आपण नारळ फुटताना टाळ्या वाजवतो आणि घरी येतो.

आज हा प्रश्न काढायचे कारण रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात आहे. राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये पोशीर धरण प्रकल्पाला मान्यता दिली. खर्च सुमारे ६,३९४ कोटी रुपये. त्याच बैठकीत त्याच तालुक्यातल्या शिलार धरणाला सुमारे ४,८६९ कोटींची मान्यता मिळाली. म्हणजे एका तालुक्यात, एका दिवसात, अकरा हजार कोटींच्या वर. पोशीरचे पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशाला प्यायला आणि कारखान्यांना जायचे आहे. जमीन मात्र जाणार भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याची आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांची.

कर्जतचे आपल्याला काय?

कुणी म्हणेल, आम्ही यवतमाळचे, परभणीचे, जळगावचे कोरडवाहूवाले. कोकणातल्या धरणाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, कारण तिजोरी एकच आहे. तिकडे एका धरणाचा खर्च फुगला की इकडे दहा कालवे अर्धवट राहतात. आणि फुगवण्याची तऱ्हाही सगळीकडे सारखीच.

१९९६ ते १९९८ या काळात राज्यात पाच पाटबंधारे महामंडळे झाली. कृष्णा खोरे, विदर्भ, तापी, कोकण, गोदावरी मराठवाडा. कामे लवकर व्हावीत, मंत्रालयात फाइल अडकू नये, हा हेतू सांगितला गेला. फाइल अडकायची थांबली हे खरे. २००९ साली विदर्भ महामंडळाच्या ३८ प्रकल्पांचा खर्च ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेला आणि बहुतेक मंजुऱ्या काही महिन्यांत उरकल्या. कापसाला पाच रुपये वाढवून मागितले तर ज्यांना तिजोरी आठवते, त्यांना इथे वीस हजार कोटींची वाढ जड गेली नाही. गोसीखुर्द घ्या. १९८३ साली ३७२ कोटींत होणारा प्रकल्प आज अठरा हजार कोटी ओलांडून गेला आहे आणि एक अख्खी पिढी पाण्याची वाट बघत म्हातारी झाली.

राज्याच्याच २०११-१२ च्या आर्थिक पाहणीने सांगितले की दहा वर्षांत सिंचित क्षेत्र ०.१ टक्क्याने वाढले. या काळातला खर्च होता सत्तर हजार कोटींच्या घरात. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढून वाढ त्याहून बरीच जास्त असल्याचे सांगितले. आमचे म्हणणे एवढेच, की एकाच सरकारच्या दोन कागदांत दोन आकडे असतील तर शेतकऱ्याने विश्वास कोणत्या कागदावर ठेवायचा? पाणी शेतात आले की नाही, हे शेतकऱ्याला विचारले असते तर श्वेतपत्रिकेचा कागद वाचला असता.

कोंढाण्याचा धडा

पोशीरच्याच तालुक्यात, उल्हास नदीवर, कोंढाणे धरणाचे काम २०११ साली निघाले. धरणाची उंची वाढवली, खर्च कित्येक पटींनी वाढवला, वनखात्याची परवानगी हातात नसताना काम सुरू झाले. हे बाहेर कसे आले? अंजली दमानिया यांनी माहितीच्या अधिकारात कागद मिळवले आणि २०१२ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात नेले. त्याच वर्षी मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून वाढीव खर्चावर आणि कामाच्या दर्जावर बोट ठेवले. एक नागरिक आणि एक सरकारी नोकर. एवढ्या दोघांनी तोंड उघडले तर उपमुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. राजीनामा दिलेले तीनच महिन्यांत पुन्हा खुर्चीवर आले. चितळे समिती बसली, अहवाल आला. कोंढाणे प्रकरणी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र ठाण्याच्या न्यायालयात गेले. विदर्भातल्या प्रकल्पांबाबत त्याच विभागाने २०१९ मध्ये उच्च न्यायालयात सांगितले की मंत्र्यांवर जबाबदारी येत नाही. आणि कोंढाणे धरण सिडकोकडे, नवी मुंबईच्या पाण्यासाठी सोपवण्याचे ठरले. म्हणजे वरातीमागून घोडे. पैसा गेल्यावर चौकशी केली की चौकशीचाही खर्च आपल्याच माथी. म्हणून पोशीरचा हिशेब आजच, एकेका पायरीला मागितला पाहिजे.

खर्च फुगतो कुठे?

हे कळायला इंजिनियर व्हावे लागत नाही. काम मंजूर होते तेव्हा अंदाजपत्रक कमी दाखवायचे. मग टेंडर चढ्या दराने द्यायचे. कंत्राटदाराला आगाऊ उचल द्यायची. काम निघाल्यावर ‘जादा बाब’ काढायची: खडक लागला, माती लांबून आणावी लागली, उंची वाढली. आणि शेवटी ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. एकदा पाया खणला की सुप्रमा नाकारता येत नाही, कारण अर्धवट धरण कुणालाच नको असते. ही गोष्ट कंत्राटदाराला ठाऊक, साहेबाला ठाऊक, पुढाऱ्याला ठाऊक. ठाऊक नाही ती फक्त आपल्याला.

लहान कामांतही हेच. जलयुक्त शिवारवर ९,६३३ कोटी खर्च होऊनही भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका महालेखापालांनी २०२० मध्ये ठेवला. नाले आपल्याच शिवारात खोदले गेले होते. मोजमाप पुस्तिकेत किती लांबी-खोली लिहिली आणि जागेवर किती आहे, हे दोरी घेऊन बघायला महालेखापालांची वाट बघायची गरज होती का?

‘विकासाला आडवे येता काय?’

हिशेब मागितला की ठरलेली उत्तरे येतात. पहिले, ‘तुम्हाला धरण नको आहे.’ खोटे! धरण हवे, पाणी हवे, मुंबईच्या कामगारालाही प्यायला पाणी हवे. पण नांगर घेताना किंमत विचारणारा शेतकरी काही नांगराचा वैरी नसतो. दुसरे, ‘तुमची जमीन बुडते म्हणून ओरडता.’ ज्याची जमीन बुडते त्याने विचारायचे नाही तर कोणी विचारायचे? तिसरे, ‘शेतकरी इन्कम टॅक्स कुठे भरतो?’ डिझेलवर, खतावर, फवारणीच्या औषधावर, अंगाच्या साबणावर कर भरतो तो कोण?

चौथे उत्तर बोलून दिले जात नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनीचे व्यवहार खणून काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. म्हणून आम्ही सांगतो, एकट्याने अर्ज करू नका. एका गावातून एकाच विषयाचे पन्नास अर्ज जाऊ द्या. पन्नास जणांना गाठणे सोपे नसते.

हत्यार आपल्या हातात आहे

राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी २ डिसेंबर १९९४ रोजी मजुरांनी पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपटातली नावे गावासमोर मोठ्याने वाचली, एवढेच केले. त्या आणि आपल्या राज्यातल्या लढ्यांतून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. तो नुसता कागद मागण्याचा कायदा नाही. कलम २ प्रमाणे कामाची पाहणी करता येते आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घेता येतो. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही माफ. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोग. २०२३ च्या कायद्याने ‘व्यक्तिगत माहिती’ या सबबीचे कुलूप मोठे केले आहे. धार बोथट व्हायच्या आत हे हत्यार वापरले पाहिजे.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणातले शेरे ग्रामसभेपुढे ठेवावेच लागतात. मार्च २०२२ पासून कित्येक जिल्हा परिषदांवर निवडून आलेले कुणी नव्हतेच, प्रशासकच कारभार हाकत होते. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. त्या वर्षांतला खर्च कुणी तपासला? ग्रामसभेत आधी हाच प्रश्न घ्या.

जिल्हा मेळाव्यापुढे ठराव

१. पोशीर व शिलारचे अंदाजपत्रक, टेंडर, कार्यारंभ आदेश मराठीत बुडीत गावांच्या चावडीवर लावावेत.

२. कोणतीही सुप्रमा किंवा जादा बाब मंजूर होण्याआधी कारणांसह ग्रामसभांपुढे वाचावी.

३. पुनर्वसनाचा पैसा आधी, भिंत नंतर.

४. आपल्या प्रत्येक तालुक्यातून एक अर्धवट पाटबंधारे काम निवडून त्याची मोजमाप पुस्तिका मिळवावी आणि गावासमोर वाचावी.

भावांनो, काट्यावर दोन किलोंसाठी भांडणारे आपण आहोत. आता हा मोठा काटा तपासायचा आहे. मेळाव्याला येताना भाकरीबरोबर दहा रुपये आणि एक कोरा कागद घेऊन या. अर्ज तिथेच लिहू.