डोळ्यांनाही विसावा द्या



मागच्या हंगामात डोणगावच्या आमच्या वस्तीतील एका काकूंच्या डोळ्यात सोयाबीन काढताना कुटार उडाले. दोन दिवस त्यांनी डोळा चोळला. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सांगण्यावरून पाल्याचा रस पिळला. बुबुळावरची जखम चिघळली आणि तिथे फूल पडले. रस झाडाचाच होता, म्हणजे 'नैसर्गिक'च होता! म्हणून डोळ्यांची नैसर्गिक काळजी म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ.

आम्ही कारकून माणसे. दिवसभर कागद आणि संगणक. जवळचे पाहताना डोळ्यातील बारीक स्नायू आवळलेला राहतो, दूर पाहिले की सैल होतो. शिवाय टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडून जळजळतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. आम्ही खिडकीतून समोरच्या कडुनिंबाकडे पाहतो. अधूनमधून पापण्यांची उघडझाप करावी. स्वच्छ हातांचे तळवे मिटल्या डोळ्यांवर न दाबता ठेवले तरी आराम वाटतो. शिलाई मशीनवर बसणाऱ्या भगिनींनीही हे करावे.

मात्र अशा व्यायामाने चष्मा सुटत नाही, मोतीबिंदू विरघळत नाही. मोतीबिंदूला शस्त्रक्रियाच लागते.

मुलांना रोज दोनेक तास उजेडात, मैदानावर खेळू द्या. त्याने लांबचे न दिसण्याचा धोका कमी होतो. ताटात शेवग्याचा पाला, मेथी, पपई, गाजर, अंडी असू द्या. पालेभाजीला थोडे तेल हवेच, त्याशिवाय 'अ' जीवनसत्त्व अंगी लागत नाही. चुलीचा धूर बाहेर जाईल अशी वाट ठेवा. तान्ह्या बाळाला काजळ घालू नका. मळणीच्या वेळी साधा चष्मा लावा. डोळ्यात काही गेले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि दुखणे थांबले नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रस, मध, दूध काहीही घालू नका.

साखरेचा आजार असणाऱ्यांनी तर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. दिसते आहे तोवर आत बिघाड कळत नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी क्षीण होत गेली. तशातही त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. ग्रंथ १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. आज तपासणी आणि उपचार सरकारी रुग्णालयातही मिळतात. मग आपण का चालढकल करावी?

चाळीस ओलांडली की सुईत दोरा ओवता येत नाही. त्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो, त्यात लाज कसली? येत्या रविवारी घरातल्या प्रत्येकाने एकेक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचून पाहावी. दोन डोळ्यांत फरक वाटला तर सोमवारीच तपासणीला जावे.

जय भीम!